वीस हातांचा फेटा

पुढच्या रविवारी आमच्या पेठेच्या चौकात एका अर्धपुतळ्यावरचं कापड ओढलं जाईल. भाषणं होतील, टाळ्या पडतील आणि पुतळ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी दिसेल. ती टोपी चुकीची आहे. ज्यांचा हा पुतळा, त्यांनी उभ्या जन्मात टोपीचा केला तितका राग दुसऱ्या कशाचाच केला नाही. आणि ती त्यांच्या डोक्यावर बसली ती माझ्यामुळे. ही गोष्ट मी पन्नासहून जास्त वर्षं पोटात ठेवली. आता वय असं झालंय की पोटात काहीच टिकत नाही.

पेठेत सगळे त्यांना अप्पा म्हणत. कापसाची दलाली हा त्यांचा धंदा, जोडीला सरकी आणि शेंग. मी त्यांच्या दुकानी कारकून होतो. अप्पा अंगानं काटकुळे, पण डोक्यावर लाल फेटा वीस हातांचा. गल्लीच्या वळणावर आधी फेटा यायचा, मग थोड्या वेळानं अप्पा. रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून ते फेटा बांधायचे. एक टोक हमालाच्या हातात, दुसरं स्वतःच्या दातात. तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. बांधून झाला की पेठेवरून नजर फिरवून म्हणायचे, "हं. आता उघडा बाजार."

या फेट्यातच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान गुंडाळलेलं होतं. ते असं, की आपल्या वाडवडिलांनी डोक्याला वीस हात कापड बांधलं, म्हणून गिरण्या चालल्या, माग चालले, कापसाला भाव राहिला. आणि एवढं ओझं डोक्यावर असलं की माणूस मान जपून हलवतो; उगाच होकार देत नाही, उगाच नकार देत नाही. मग आली वीतभराची टोपी. कापड गेलं, मान सुटी झाली. जो तो कशालाही मान हलवू लागला. धर्म, राजकारण, कापूस, सगळ्याची उतरण तिथून सुरू झाली.

"टोपी खादीची आहे हो अप्पा," मी म्हणायचो. "देशाच्या सुताची."

"खादीची असो की मखमलीची. वीत ती वीत."

मी नुकतीच पांढरी टोपी घालायला लागलो होतो. अप्पा तोंडानं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्यावर मात्र एक ओळ दिसली: 'कारकून — अर्धा गेला.'

त्या फळ्याबद्दल सांगायला हवं. दुकानाबाहेर भिंतीला एक काळा फळा होता. त्यावर रोज रुई, सरकी, शेंग यांचे भाव लिहायचे. अप्पा त्याखाली एक आडवी रेघ मारत, आणि रेघेखाली त्यांचा स्वतःचा बाजार असे. 'दिलेला शब्द — आवक कमी.' 'लाज — मंदी, घेणारा नाही.' 'भाषणं — आवक भरपूर, उतारा कमी.' 'जावई — टिकून.' निवडणुकीच्या दिवसांत 'मत — दोन चहा' असा भाव लागला आणि मतदानाच्या आदल्या दिवशी तो 'दोन चहा, एक भजी' वर चढला. गिरणीचा भोंगा झाला की कामगार आमच्या दुकानावरून जाताना थांबत. ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. खरे भाव कुणी बघत नसे.

संस्कृतीचा ऱ्हास हा अप्पांचा आवडता विषय असल्यामुळे ते तो जवळून पाहायला जात. गावात नवा बायस्कोप लागला की पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर अप्पा. मागच्यांना पडद्याऐवजी फेटा दिसे, त्यावरून भांडणं होत. एकदा आमच्या दुकानातल्याच हमालानं त्यांना विचारलं, "अप्पा, बायस्कोप वाईट म्हंता, अन् लई येळा हितंच दिसता की."

"वाईट आहे म्हणूनच आलोय," अप्पा म्हणाले. "चांगल्याला काय बघायचं? ते कुठं पळून चाललंय?"

सभांनाही तसंच. कुठलाही पुढारी येवो, अप्पा हजर. वक्ता बोलू लागला की डोळे मिटून ऐकत आणि शेवटी कापूस पारखावा तसा निकाल देत. "बोंड मोठं, रुई कमी." नाहीतर, "सरकीच सरकी." एका मवाळ वकिलाचं भाषण ऐकून म्हणाले, "माल स्वच्छ आहे, पण भिजलेला."

फळ्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. तो मला कसा कळला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नियमावरच उभं आहे. नवा होतो तेव्हा मी एकदा सरकीचा भाव चुकून फारच कमी लिहिला. करमाळ्याकडचा एक गडी गाडी घेऊन आला होता. त्यानं फळा बघितला, परत बघितला आणि म्हणाला, "ह्याच भावानं द्या. हाय तेवढी द्या." मी घाबरून खडू घेऊन पुसायला धावलो. अप्पांनी मला हाताला धरून मागं ओढलं आणि गाडीभर सरकी त्या भावानं दिली. गडी जाताना दोनदा मागं वळून बघत होता. आपण लुटलं की लुटले गेलो, हे त्याला कळत नव्हतं.

मला वाटलं, आता पगारातून कापणार. अप्पा म्हणाले, "फळ्यावर लागलेला भाव म्हणजे दिलेला शब्द. खडू कुणाच्या हातात होता, हे गिऱ्हाइकानं का बघावं? फळा कुणाचा? माझा. मग भाव माझा."

एकोणीसशे तीसच्या आधीच्या हिवाळ्यात कापूस गडगडला. तारेवर तारा येत, आणि प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा वाईट. पेठेतले शेठ दुकानाच्या पायऱ्यांवर डोक्याला हात लावून बसले. आमच्याकडं बसायला येणाऱ्या वकीलसाहेबांनी, म्हणजे त्याच भिजलेल्या मालवाल्यांनी, सगळ्यांना समजावून सांगितलं की अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आहे आणि त्याची लाट इथवर आली आहे.

अप्पांनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, अमेरिका डोक्याला काय बांधते?"

"बांधत नाही काही. हॅट घालतात ते लोक."

"मग तेच सांगतोय मी."

वकीलसाहेब हसावं की वाद घालावा या विचारात पडले आणि चहा न घेता गेले. संध्याकाळी फळ्यावर ओळ होती: 'अमेरिका — डोकं उघडं.'

मग तीसचा उन्हाळा आला. गावात गोळीबार झाला, लष्करी कायदा लागला, रस्त्यांवर गोरे सोजीर फिरू लागले. पांढरी टोपी घालून बाहेर पडणं हाच गुन्हा झाला. मी तरी घालून निघालो. शौर्य वगैरे काही नव्हतं; बायकोनं सकाळी धुऊन, घडी घालून हातात दिली होती आणि तिच्यासमोर ती ठेवून जायची मला लाज वाटली. पेठेच्या तोंडाशी एका सोजिरानं छडीच्या टोकानं ती उडवली आणि गटारात ढकलली. मी उघड्या डोक्यानं दुकानात आलो.

अप्पांनी मला खालपासून वर पाहिलं. "वाऱ्यानं उडाली?"

"सोजिरानं उडवली."

"बघ. फेटा असता तर त्याला उलगडता उलगडता संध्याकाळ झाली असती."

दुकानातले सगळे हसले. मी हसलो नाही. दिवसभर मान खाली घालून आकडे लिहीत होतो आणि मनात एकच चालू होतं, की या म्हाताऱ्याला एकदा असं डिवचायचं की फेटा डोक्यावर ताठ उभा राहिला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अप्पा यायच्या आधी मी दुकान उघडलं. खरे भाव लिहिले, आडवी रेघ मारली आणि रेघेखाली, अप्पांच्या बाजारात, लिहिलं: 'हॅट — माल पडून, उचल नाही. पांढरी टोपी — तेजी, माल मिळत नाही.'

पेठेत आज ही ओळ शौर्याची म्हणून सांगतात. पुतळ्याखाली ती कोरली आहे. लिहिणाऱ्याच्या मनात सरकार जेमतेम होतं. त्याला अप्पांचं तोंड बघायचं होतं. याची नोंद कुठं नाही, ती आज करतो.

पण अप्पांच्या आधी लोक आले. एकानं वाचलं, दुसरा हसला, तिसऱ्यानं चौथ्याला बोलावलं. त्या दिवसांत गावात कुणी हसत नव्हतं, त्यामुळं हसण्याचा आवाज लांबवर गेला. पोलिसांचा जमादार आला. त्यानं ओठ हलवत ओळ वाचली, परत वाचली, आणि घामेजून विचारलं, "कुणी लिवलं हे?"

मी दारात उभा, बोटं खडूनं पांढरी.

तेवढ्यात वळणावर फेटा दिसला. मग अप्पा आले. गर्दीनं वाट दिली. अप्पांनी चष्मा लावला, फळ्याजवळ जाऊन ओळ वाचली. टोपीच्या तेजीपाशी त्यांचं बोट थांबलं. मला ज्या तोंडाची इतकी हौस होती ते तोंड मी पाहिलं. ते रागावलेलं नव्हतं. कडू औषध पिताना असतं तसं होतं.

"अक्षर वाईट आहे," ते म्हणाले.

"अप्पा, तुमचं हाय का हे, येवढं सांगा," जमादार म्हणाला. तो गावातलाच होता. त्याला अप्पांनी नाही म्हणायला हवं होतं, हे त्याच्या आवाजात ऐकू येत होतं.

"फळा कुणाचा?"

"तुमचा."

"मग भाव माझा."

जमादाराबरोबर जाताना ते माझ्यापाशी क्षणभर थांबले. "दुकानाला कुलूप लाव," म्हणाले. आणि आवाज उतरवून, "हात धू."

पुढची हकीकत मी दुसऱ्यांकडून ऐकली. लष्करी साहेबासमोर दुभाष्यानं विचारलं तेव्हा अप्पांनी कबुली दिली, पण 'मी टोपीवाला नाही, एवढं साहेबांना सांगा,' असा हट्ट धरला. साहेब म्हणे बराच वेळ त्या लाल फेट्याकडं बघत राहिला. एवढं डोक्यावर असलेला माणूस टोपीची तेजी का लावतो, हे त्याला समजेना. समजलं नाही तरी शिक्षा देता येते. सहा महिने दिले. तुरुंगात फेटा काढून घेतला आणि कैद्याची टोपी दिली. ती निकालात नव्हती, पण खरी शिक्षा तीच.

मी पुढं का झालो नाही? बायको दोन जिवांची होती, हे खरं. मी भित्रा होतो, हेही खरं. या दोन्हींतलं जास्त खरं कुठलं, त्याचा भाव अजून फुटलेला नाही.

सुटून आले त्या दिवशी स्टेशनवर ही गर्दी. अप्पांनी गाडीतच फेटा बांधला होता. डब्यातल्या अनोळखी माणसाला एक टोक धरायला लावून, वीसच्या वीस हात. फलाटावर उतरले, एका पुढाऱ्यानं गळ्यात हार घातला आणि कुणाला काही कळायच्या आत फेटा उचलून तिथं पांढरी टोपी ठेवली. त्याच क्षणी फोटो निघाला. अप्पांचा जन्मातला एकुलता एक फोटो. त्यात त्यांचे डोळे विस्फारलेले आहेत. पेठेत म्हणतात, केवढं तेज आहे बघा नजरेत.

टोपी त्यांनी फेकली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं फळा पुसायला लागले. "कापूस आहे, खडू चांगला टिपते." लोकांनी दुरून पाहिलं आणि म्हणाले, बघा, टोपी फळ्यापासून हलू देत नाहीत.

आठवड्यानं दुपारी दुकानात दोघेच होतो. मी धीर करून म्हणालो, "अप्पा, मी सगळ्यांना सांगून टाकतो."

"काय सांगतोस?"

"ओळ माझी होती."

"म्हणजे आता तुला धरतील. लेकरू किती दिवसांचं आहे?"

मी पुढ्यातली वही उघडली.

"माझी अडचण वेगळीच आहे," ते म्हणाले. "भाव मी पाळला, ते ठीक. पण हार घेतले. दुसऱ्याच्या मालावर हार घेणं म्हणजे चोरी की नाही?" आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. "हात आण."

त्या वेळी कापसाचा सौदा तोंडानं होत नसे. दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं धरून भाव ठरवत. बाहेरच्याला काही दिसायचं नाही, आणि कापडाखाली ठरलेलं कापडाखालीच राहायचं. बाहेर बोलणारा माणूस बाजारातून उठला.

मी उपरण्याखाली हात घातला आणि मूठ मिटली. म्हणजे फुकट घ्या.

अप्पांनी मूठ उघडली. "फुकटाचा सौदा नसतो. सगळी उतरण फुकटानंच सुरू होते." मला वाटलं होतं, टोपीनं सुरू होते, पण ही वेळ वादाची नव्हती. त्यांनी माझं एक बोट धरलं. एक. मी मान हलवली. त्यांनी कनवटीचा एक ढब्बू पैसा काढून माझ्या हातावर ठेवला. "हा इसार. आता ओळ माझी. तू कुठं बोललास तर सौदा मोडलास. मोडणाऱ्यानं काय करायचं?"

"इसार दुप्पट परत."

"कारकून झालास," अप्पा म्हणाले. त्या दिवशी फळ्यावर ओळ होती: 'कारकून — थोडा सुधार.'

अप्पा गेले त्यानंतर चार-पाच वर्षांनी, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर. शेवटचा फेटा मी बांधला. दुसरं टोक धरायला हमाल होता. मग गोष्ट वाढत गेली. आधी फळा मोठा झाला, मग जमाव, मग सोजीर. आताच्या गोष्टीत अप्पा छातीवर टोपी धरून घोषणा देतात. मी ऐकत राहिलो. सौदा पाळतोय, असं स्वतःला सांगत राहिलो. सौदा पाळायला फार सोपा होता, यातच त्याची खोट होती.

फोटोवरून पुतळा करायचं ठरलं तेव्हा मात्र राहवेना. सौदा ओळीचा होता, टोपीचा नव्हता. समितीचा अध्यक्ष त्या हमालाचाच नातू. लुनाची एजन्सी आहे त्याची. त्याला घरी बोलावून टोपीचं सांगायला गेलो आणि बोलता बोलता ओळीचंही सांगून बसलो. त्यानं फार आदरानं ऐकून घेतलं.

"काका, तुमी म्हंता तर खरंच असंल की. पण पत्रिका छापल्या. अन् टोपी आता निघंना. सिमेंट हाय ते." मग हसून म्हणाला, "ओळ तुमची म्हंता, तर मंग पुतळा तुमचा करायचा का?"

खोटं कशाला बोलू, एका क्षणापुरता मी तो माझा चौकातला पुतळा पाहिला. बरा दिसत होता.

तेव्हा हे लिहायचं ठरवलं. तोंडानं सौदा मोडलाच होता, लिहिलं की पुरता मोडला. आणि मोडणाऱ्यानं काय करायचं ते मला ठाऊक आहे. अप्पांचा ढब्बू पैसा माझ्याकडं आहे. दुसरा लागणार होता. तो कुठंच मिळेना. शेवटी चाटी गल्लीच्या तोंडाशी जुनी नाणी घेऊन बसणाऱ्या एका माणसाकडं मिळाला. त्यानं पंचवीस रुपये सांगितले.

"एका पैशाला?"

"आजोबा, चीज आता मिलती कां है?"

दिले. पैशात घासाघीस केली नाही. देशात एक तरी वस्तू तेजीत आल्याचं अप्पांना कळवायला हवं होतं.

काल दुपारी चौकात गेलो. उन्हामुळं कुणी नव्हतं. पुतळा चौथऱ्यावर बसवलेला, वरून जाड कापड टाकून दोरी बांधलेली. मी दोरी जरा सैल केली, कापडाखाली हात घातला आणि चाचपडत दोन्ही पैसे पुतळ्याच्या खांद्याशी, फटीत ठेवले. बोट धरायला पलीकडं हात नव्हता. तरी थोडा वेळ हात तसाच राहू दिला.

पानवाल्यानं टपरीतून हटकलं, "ओ आजोबा, तितं काय करताव?"

"सौदा मोडतोय," मी म्हणालो.

हात बाहेर काढताना बोटं वर सरकली आणि टोपीला लागली. गार, गुळगुळीत, नवी. वीस हातांचा फेटा गेला, वीतभर टोपी आली, आणि आता तीसुद्धा सिमेंटची. कापसाला भाव कुठून येणार?